वडिलांना वास येत नाही : ही कंपवाताची पूर्वखूण कितपत मानावी?

गोदाकाठ (प्रश्न)

माझे वडील ७१ वर्षांचे असून निवृत्तीनंतर बहुतेक वेळ घरीच असतात. गेल्या महिन्यात एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले होते, आणि त्यांच्यापासून चार हातांवर गॅसवर ठेवलेले दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा तळ काळा पडेपर्यंत करपत राहिले. करपल्याचा वास मला जिन्यातच आला. ते मात्र मला पाहून "आज लवकर आलीस" एवढेच म्हणाले. त्यानंतर मी घरच्या घरी त्यांची थोडी परीक्षा घेतली. डोकेदुखीचा बाम नाकाखाली धरला तेव्हा "येतो की वास, चांगला झोंबतोय" असे ते म्हणाले. पण डोळे मिटायला सांगून आधी संत्र्याची ताजी साल आणि मग कॉफीची पूड नाकाशी नेली, तेव्हा त्यांना त्या दोहोंतला फरक सांगता आला नाही. आता आठवते की गेली दोन-अडीच वर्षे ते आईच्या आमटीला नावे ठेवत आहेत, पानात वरून मीठ घेत आहेत आणि त्यावरून घरात पुष्कळ वादही झाले आहेत.

वास कमी होणे ही कंपवाताची (पार्किन्सनची), त्याचप्रमाणे स्मृतिभ्रंशाची, फार आधी दिसणारी खूण असते असे मी अलीकडे एका लेखात वाचले. तेव्हापासून ते चहाचा कप उचलू लागले की माझे लक्ष त्यांच्या बोटांकडे जाते. या संशोधनाला कितपत आधार आहे, आधी नाकाच्या डॉक्टरांकडे जावे की मेंदूच्या, आणि ज्या माणसाला आपला वास गेला आहे हेच ठाऊक नाही त्याला या शंकेविषयी काही सांगावे की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुर्बीण

मी २२ वर्षे कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करत आहे. प्रथम बामाविषयी लिहितो, कारण ही गल्लत दवाखान्यात वारंवार पाहायला मिळते. मेन्थॉल, कापूर, अमोनिया असे पदार्थ नाकात शिरले की होणारी थंड किंवा झोंबरी जाणीव मुख्यतः वासाची नसते. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेमुळे ती होते, आणि ही चेता घ्राणचेतेहून अगदी वेगळी आहे. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते ते याच चेतेमुळे. त्यामुळे ज्याचे गंधज्ञान पूर्ण नाहीसे झाले आहे त्यालाही बाम झोंबतो, आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. आपण संत्रे आणि कॉफी वापरलीत हे योग्यच झाले.

आमटीचे कोडेही यातच सुटते. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्श्यासारखी चव) एवढेच कळते. फोडणीचा खमंगपणा, हिंग, कढीपत्ता, भाजलेले खोबरे हे सगळे घास गिळताना घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वाफेतून कळते. तो मार्ग बंद झाला की आमटी म्हणजे आंबट-खारट गरम पाणी उरते, आणि माणूस जे जिभेला कळते तेच, म्हणजे मीठ, वाढवत जातो. रक्तदाब असेल तर या सवयीकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते. "चव गेली" म्हणून येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांची जीभ ठणठणीत असते.

आता कारणांकडे वळतो. नाकाच्या अगदी छताशी, काही चौरस सेंटिमीटरच्या अस्तरात गंध टिपणाऱ्या पेशी असतात आणि त्यांचे बारीक तंतू चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून वर जाऊन मेंदूतल्या घ्राणकंदाला मिळतात. वास कमी झाला असेल तर पहिला प्रश्न असा की हवा त्या छतापर्यंत पोहोचते का. जुनाट सायनसचा दाह किंवा नाकातले पॉलिप (अस्तराचे मऊ फुगवटे) असतील तर ती पोहोचत नाही. दुर्बिणीने पाहिले की पाच मिनिटांत हे कळते आणि उपचारही हाताशी असतात. दुसरे, एखाद्या विषाणूच्या सर्दीने ते अस्तरच उद्ध्वस्त झाले आहे का. तिसरे, डोक्याला मार बसून ते तंतू चाळणीच्या तोंडाशी तुटले आहेत का. विशेषतः डोक्याच्या मागच्या बाजूला आपटल्यावर मेंदू कवटीच्या आत पुढेमागे सरकतो आणि हे नाजूक तंतू कापले जातात. बाहेर खरचटलेलेसुद्धा नसते. घरच्यांना हा प्रसंग आठवत नाही, म्हणून मी तो दोनदा विचारतो. आपणही विचारून पाहावे.

आणि वय आहेच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या बीव्हर डॅम या गावी ५३ ते ९७ वर्षे वयाच्या सुमारे २,५०० लोकांचे गंधज्ञान तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास चौथा हिस्सा लोकांचे गंधज्ञान मंदावलेले निघाले, ८० वर्षांच्या पुढच्या गटात तर ६० टक्क्यांहून अधिकांचे. मात्र आपल्याला वास कमी येतो असे स्वतःहून सांगणारे १० टक्केही नव्हते. आपल्या वडिलांना पत्ता नसणे हे त्यामुळे नवलाचे नाही. चष्म्याचा नंबर वाढला की अक्षर पुसट दिसते आणि कळते; वास नाहीसा होतो तेव्हा तो नाहीसा झाला हे सांगायला मागे काहीच उरत नाही.

थोडक्यात, आधी नाकाच्या डॉक्टरांकडे जावे. एकाच नाकपुडीतून रक्त येणे, एकच बाजू सतत चोंदलेली असणे, किंवा वासाबरोबर दृष्टीही मंदावणे आणि डोके दुखत राहणे यांपैकी काही असेल तर हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नये.

तळटीप

मी मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे उत्तर केवळ संशोधनापुरते आहे.

कंपवाताच्या रुग्णांना वास कमी येतो हे १९७५ पासून नोंदले गेले आहे आणि काही अभ्यासांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत आढळते. पण ही खूण आधीची आहे या विचाराला बळ मिळाले ते २००३ मध्ये, जेव्हा जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूंच्या तपासणीवरून असे मांडले की, अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठोळ्या सर्वांत आधी घ्राणकंदात आणि मेंदूच्या बुंध्यातील, पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या केंद्रात दिसतात, आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात त्या नंतर पोहोचतात. म्हणजे हात थरथरू लागतो तेव्हा आजार बराच जुना झालेला असतो. या गाठोळ्या मुळात नाकातून किंवा आतड्यातून आत शिरणाऱ्या एखाद्या घटकामुळे बनू लागतात, असा तर्क याच मांडणीतून निघाला. तो आकर्षक आहे, परंतु सिद्ध झालेला नाही, आणि सगळ्या रुग्णांचे मेंदू हा क्रम पाळतही नाहीत. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची उणीव भरून काढणारे कंपवाताचे औषध, घेतल्याने हालचाली सुधारतात पण वास परत येत नाही, एवढ्यावरून तरी दिसते की गंधाची हानी केवळ डोपामिनच्या कमतरतेतून होत नाही.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येते. "कंपवात झालेल्यांपैकी बहुतेकांचा वास गेलेला असतो" हे वाक्य आणि "वास गेलेल्यांपैकी बहुतेकांना कंपवात होतो" हे वाक्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि वर्तमानपत्रांतले लेख पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी घसरतात ते वाचकाला कळतही नाही. होनोलुलू येथे जपानी वंशाच्या वृद्ध पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास झाला आहे. त्यात २,२६७ पुरुषांचे गंधज्ञान तपासून पुढे ८ वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांचे गंधज्ञान सर्वांत कमी होते त्या चौथ्या हिश्शात पहिल्या ४ वर्षांत कंपवाताची शक्यता, चांगले गंधज्ञान असलेल्या वरच्या निम्म्या लोकांच्या तुलनेत, सुमारे पाचपट निघाली. पाचपट हा आकडा भीतीदायक वाटतो. पण त्या सबंध काळात कंपवात झाला तो २,२६७ पैकी ३५ जणांना. घटकाभर असे धरू की हे सगळेच्या सगळे ३५ जण त्या तळच्या चौथाईतले होते, जे खरे नाही; तरीही सुमारे ५६७ जणांच्या त्या गटात ते सहा टक्क्यांच्या आसपास भरतात आणि उरलेल्या ९४ टक्क्यांना वास येत नसूनही कंपवात झालेला नाही. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : पहिल्या ४ वर्षांनंतर या अभ्यासात तो संबंध दिसलाच नाही.

मग संशोधकांना या खुणेचे एवढे अप्रूप का, तर ती स्वस्त चाळणी आहे म्हणून. कंपवाताच्या संशोधनाला निधी देणाऱ्या मायकेल जे. फॉक्स प्रतिष्ठानाच्या पाठबळावर चाललेल्या मोठ्या प्रकल्पात, घासून हुंगायच्या पानांची चाचणी लोकांना टपालाने पाठवली जाते आणि ज्यांचे गुण कमी येतात त्यांना पुढच्या तपासण्यांसाठी बोलावले जाते. याच प्रकल्पातील १,१२३ जणांच्या मेरुद्रवाच्या (मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवतालच्या द्रवाच्या) तपासणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. अल्फा-सिन्युक्लिनच्या बिघडलेल्या रूपाचा माग काढणारी ती चाचणी कंपवाताच्या रुग्णांपैकी सुमारे ८८ टक्क्यांत सकारात्मक आली. त्यांतल्या आनुवंशिक दोष नसलेल्या आणि वास गेलेल्या रुग्णांत हे प्रमाण जवळपास ९९ टक्के होते, आणि वास शाबूत असलेल्यांत बरेच कमी. म्हणजे कंपवात हा एकच आजार नसावा आणि नाक त्यातला एक प्रकार वेगळा काढून दाखवत असावे, असे मला वाटते. घरी बसून काळजी करण्यासाठी मात्र यातले काहीही उपयोगाचे नाही.

स्मृतिभ्रंशाबद्दल थोडक्यात सांगते. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाची विकृती ज्या भागात लवकर दिसते तो भाग गंधाच्या मार्गावरच आहे, त्यामुळे संबंध खरा आहे. पण येथे मोजमापातच गोम आहे. वास जाणवणे वेगळे आणि तो कशाचा हे ओळखून नाव सांगणे वेगळे. स्मृती ढासळू लागली की दुसरी पायरी आधी डळमळते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी तयार केलेली आणि १९८४ पासून जगभर वापरली जाणारी ४० वासांची चाचणी ओळखण्यावरच उभी आहे, आणि तिच्यात रूट बिअर, विंटरग्रीन, शेपू घालून मुरवलेली काकडी असले वास आहेत. जन्मात रूट बिअर न प्यायलेल्या आजोबांना तिथे गुण मिळाले नाहीत, तर दोष त्यांच्या मेंदूचा नव्हे. भारतीय रुग्णांसाठी इथल्या ओळखीच्या वासांची चाचणी वापरून पाहिली गेली आहे, तिची म्हणूनच गरज होती.

सांजवात

माझ्या यजमानांना २०१६ मध्ये कंपवाताचे निदान झाले. आमचे मूळ गाव रत्नागिरीजवळ आहे, आणि आंब्याच्या दिवसांत अढीतला हापूस देठाशी हुंगून "हा उद्या, हा परवा" असे वेगळे करण्याचे काम घरात त्यांचेच असे. निदानाच्या आठ-नऊ वर्षे आधी एका मे महिन्यात त्यांनी निवडलेल्या डझनात चार आंबे कच्चे निघाले आणि दोन नासके. आम्ही सगळे हसलो. पुढच्या वर्षी त्यांनी ते काम आपणहून मुलाकडे सोपवले, आणि का, ते कोणी विचारले नाही. झोपेत ओरडणे, लाथा झाडणे आणि बद्धकोष्ठता ही लक्षणेही त्याच सुमारास सुरू झाली होती. ती एकत्र जोडून पाहण्याचे ज्ञान आम्हाला नव्हते.

हे जोडता आले असते तर काय झाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आजाराची वाटचाल थांबवणारे सिद्ध औषध तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. त्यामुळे आठ वर्षे आधी कळून आम्ही आठ वर्षे अधिक घाबरलो असतो, असे माझे मत आहे. व्यायाम लवकर सुरू झाला असता, हे खरे. तरीही आपल्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की वडिलांना वास येत नाही हे त्यांना सांगावे, आणि कंपवाताचे नाव घेऊ नये. पहिली वस्तुस्थिती आहे, दुसरी अजून तरी आपली भीती आहे. त्यांच्या झोपेबद्दल मात्र आईंना जरूर विचारावे.

कोरा चहा

मूळ प्रश्नाला जोडूनच विचारतो. २०२१ मध्ये कोविडनंतर माझा वास सुमारे दोन महिने पूर्ण गेला आणि परत आला तो विकृत होऊन : कॉफी, तळलेला कांदा आणि भाजलेले शेंगदाणे या तिन्हींना जळक्या रबराची एकच घाण येत असे. आता पुष्कळ सुधारणा आहे. वरचे सगळे वाचून असा प्रश्न पडला की, आमच्यासारख्या लाखो लोकांना पुढे कंपवाताचा धोका आहे का?

तळटीप

ज्या मार्गाने आपला वास गेला तो मार्ग वेगळा आहे. कोविडचा विषाणू पेशीत शिरण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरचा जो ग्राहक (रिसेप्टर) वापरतो तो गंध टिपणाऱ्या चेतापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतो, हे २०२० मध्येच दिसून आले. आधाराच्या पेशी गेल्या की गंधाच्या पेशींचेही काम बंद पडते. पण त्या खालच्या मूळपेशींपासून आयुष्यभर नव्याने घडत राहतात. नव्या तंतूंची जुळणी पूर्ववत होईपर्यंत वास विकृत भासतात, असे मानले जाते. कॉफी, कांदा आणि शेंगदाणे यांची घाण एकसारखी का, याचेही उत्तर आहे : भाजण्या-तळण्यात तयार होणारी, अत्यल्प प्रमाणातही जाणवणारी गंधकयुक्त संयुगे. असा विपर्यास झालेल्या लोकांना कॉफीतले असेच एक संयुग सर्वाधिक त्रास देते, असे ब्रिटनमधील प्रयोगांत आढळले.

ब्रिटनमध्ये ७८५ जणांचे मेंदू दोन वेळा स्कॅन करून, मधल्या काळात कोविड झालेले आणि न झालेले अशी तुलना झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि संसर्ग झालेल्यांत गंधाशी निगडित भागांत सरासरीने थोडे बदल दिसले. परंतु त्यावरून कंपवातापर्यंत उडी मारण्याजोगा पुरावा नाही. वास हळूहळू, वर्षानुवर्षे, कारणाविना विरत जाणे आणि तापाच्या तिसऱ्या दिवशी एकाएकी जाणे, या दोन घटना एका नावाखाली मोजू नयेत.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुर्बीण यांनी सांगितल्याप्रमाणे वडिलांना पडण्याबद्दल विचारले. पहिल्यांदा ते "नाही" म्हणाले. दुसऱ्यांदा विचारल्यावर आईलाच आठवले की तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ते स्कूटरवरून घसरून पाठीवर पडले होते. डोके मागच्या बाजूने रस्त्यावर आपटले होते, पण रक्त आले नव्हते. रुग्णालयात एक रात्र ठेवून, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही म्हणून दुसऱ्या दिवशी घरी सोडले होते, आणि वासाबद्दल तेव्हा कोणी विचारले नाही, ना तिथे, ना आम्ही घरी. हे बोलणे चालू असताना वडील मध्येच म्हणाले, "तिथला चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी होतं." आम्ही त्या वेळी तो रुग्णालयाचा चहा म्हणून सोडून दिला होता.

परवा तज्ज्ञांकडे जाऊन आलो. नाकात पॉलिप नाही, सूज नाही. डॉक्टरांच्या मते कारण बहुधा तो मारच आहे. एमआरआय सांगितला आहे, तो पुढच्या आठवड्यात होईल. आईच्या सांगण्यानुसार ते झोपेत घोरतात, पण ओरडत नाहीत, लाथा झाडत नाहीत. सांजवातताई, आपला सल्ला मानून वासाचे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि अलीकडे अत्तराची कुपी उघडणे का सोडले होते, ते आपणहून सांगितले. आईने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली : आमटीत दोष नव्हता ना?

दोन शंका उरल्या आहेत. वास हुंगण्याच्या सरावाने तीन वर्षांनंतर काही लाभ होतो का? आणि ते दुपारी एकटे असतात, तर गॅसचे काय करावे?

दुर्बीण

सरावाची पद्धत जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक काही सेकंद, लक्ष देऊन हुंगायचे आणि हे किमान १२ आठवडे चालू ठेवायचे. विषाणूने गेलेल्या वासाला याचा लाभ अधिक होतो. मार बसून तंतू तुटले असतील तर कमी, आणि जी सुधारणा व्हायची ती बहुतांशी पहिल्या वर्षात होते. तीन वर्षांनंतर मी फार आशा दाखवणार नाही, पण अपाय नाही आणि खर्चही नाही, म्हणून करून पाहावे. निलगिरी झोंबली म्हणजे वास आला असे समजू नये, हे आता आपल्याला सांगायला नकोच.

गॅसचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात, आणि वडिलांच्या बाबतीत ती सगळी योजना व्यर्थ आहे. गळती होताच वाजणारे यंत्र बाजारात मिळते, ते बसवून घ्यावे. सिलिंडर असेल तर ते यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. घरात पाइपचा गॅस असेल तर तो हलका असतो, म्हणून यंत्र छताजवळ लावावे लागते. बसवणारा माणूस पुष्कळदा हे न विचारताच डोळ्यांच्या उंचीवर खिळा ठोकतो, तेव्हा आपण समोर उभे राहावे.